थोरल्यानं मान हलवली

प्रिय बारक्या,

माझं सायनसचं ऑपरेशन झालं, हे तुझ्या वहिनीनं कळवलंच असेल. गालाच्या नि कपाळाच्या आत म्हणे पोकळ्या असतात, हवेच्या. स्कॅनमध्ये त्या काळ्या दिसायला हव्यात, माझ्या सगळ्या बुजलेल्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी नाकातून दुर्बीण घालून आतले मांसाचे कोंब काढले, वाटा मोकळ्या केल्या. दोन दिवस नाकात बोळे घेऊन तोंडानं श्वास घेत बसलो. वहिनी म्हणाली, लग्नानंतर घरात इतकी शांतता पहिल्यांदाच.

तिसऱ्या आठवड्यात बेकरीत गेलो. बाबांची पद्धत अजून तीच आहे. पोतं उघडलं की थोरल्यानं मूठभर पीठ हुंगायचं, त्यानं मान हलवली की मगच पिठात पाणी. मूठ नाकाशी धरली आणि वास आला रे! गव्हाचा, साधा. भट्टीवाला माझी मान हलायची वाट बघत उभा आणि मी आपला ढसाढसा रडतोय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, वास जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, अकरा. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी तू माझ्या कानाशी येऊन "दादा, पीठ कुबट येतंय" म्हणालास, तेव्हा मला कशाचाच वास येत नव्हता. आणि ते मला माहीत होतं. थोरल्याचं नाक गेलं हे चारचौघांत कळू नये म्हणून मी मान हलवली. दुपारी सगळे पाव परत आले, तेव्हा पोती ओलीत ठेवल्याचं खापर तुझ्यावर फोडलं, तेही कामगारांसमोर. माझी लाज राखायला तू कानात सांगितलं होतंस, म्हणून तुझ्या बाजूनं साक्षीला कोणी नव्हतं. तू एप्रन काढून ठेवलास आणि निघून गेलास.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या मोठ्या बेकरीनं तुला ऐनवेळी नकार दिला, आठवतं? त्या मालकानं आधी माझ्याकडे चौकशी केली होती. "त्याच्या नाकाचा भरवसा नाही," असं मी सांगितलं. काल त्यांच्याकडे जाऊन सगळं खरं सांगून आलो. मुख्य कारागीर त्यांना अजून हवाच आहे. बोलावणं आलं तर जा. आपल्या बेकरीत परत ये, असं लिहायला बसलो होतो, पण कुठल्या तोंडानं लिहू?

अजूनही तुझाच,
दादा