ई ड्राइव्ह जात नाही

सोमवार, ४ मार्च

ई ड्राइव्ह काही जात नाही. उजवं बटण दाबलं, डिलीट म्हटलं, तर उत्तर येतं — ड्राइव्ह वापरात आहे. कोण वापरतंय? घरात मी आणि फ्रिज!

डिस्कचे दोन भाग आहेत. सी माझा, ई बायकोचा. माझा तुडुंब भरलाय. तिचा नुसता पडून, कारण ती महिनाभर बहिणीकडे जाऊन बसलीय. म्हणून तो भाग काढून जागा मोकळी करायची, इतकंच. रागाबिगाचा प्रश्नच नाही.

मंगळवार, ५ मार्च

दुपारची झोप काढली, चारला पुन्हा बसलो. पुन्हा तेच. नोकरीभर सर्व्हेअर म्हणून लोकांच्या हद्दी आखल्या आणि पुसल्या, सख्खे भाऊ काठ्या घेऊन उभे असताना जमीन मोजली. ही एक रेघ मात्र मला दाद देत नाही.

रेघ मीच मारली होती म्हणा. ती म्हणाली होती, "खिडकीपाशी मला एक टेबल हवं. भरतकामाची डिझाइनं काढायला उजेड लागतो." खिडकीपाशी माझं नकाशांचं कपाट. ते हलणं अशक्य. म्हणून मी डिस्क मोजून निम्मी केली आणि अर्धी तिला दिली. घे, हवी तेवढी डिझाइनं ठेव! ती म्हणाली, "अहो, मी टेबल मागितलं होतं."

काही दिवसांनी बॅग भरली. जाताना एकच वाक्य — "कॉम्प्युटर बंद करू नका." माझ्या जेवणाखाण्याबद्दल अवाक्षर नाही.

बुधवार, ६ मार्च

चार वाजता. वापरात आहे. की-बोर्डवर हात आपटला. एक बटण निघालं.

गुरुवार, ७ मार्च

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने आधी बटण बसवलं, मग विचारलं, "काका, तुम्ही हे करता कधी?"

"चारला. झोप झाली की."

तो हसायला लागला. "मग कसं जाईल? चारला काकू बहिणीकडून नेटवरून या कॉम्प्युटरवर बसतात ना. ई उघडून डिझाइनं काढतात. मीच तर जोडून दिलंय! सकाळी करा, चुटकीसरशी जाईल."

म्हणजे रोज दुपारी ती इथेच असते आणि मी तिला बाहेर काढायला बसतो. वर तिने चकार शब्द काढला नाही.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी बसलो. डिलीट म्हटलं. आज नकार नाही. उलट अदबीने विचारलं — यातलं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे?

इतके दिवस नाही म्हणणारं यंत्र हो म्हणालं, आणि माझंच बोट उठेना. 'नाही' दाबलं. मला ती घरात हवी आहे. लिहिलं एकदाचं.

चारला पाहिलं. वापरात आहे. चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसून राहिलो. बरं वाटलं.

शनिवार, ९ मार्च

कॉम्प्युटरवाला आणि मी, दोघांनी मिळून कपाट आतल्या खोलीत नेलं. हललं की! फरशीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन उरलाय.

फोन करायला जीभ रेटेना. ई ड्राइव्हवर एक रिकामी फाइल ठेवली. तिचं नाव — खिडकी मोकळी केली आहे.

रविवार, १० मार्च

संध्याकाळी पाहिलं. फाइलचं नाव बदललंय — आणि टेबल?

टेबल! ते आणायचंच राहिलं.

सोमवार, ११ मार्च

सुताराकडचं तयार टेबल आणलं. खिडकीशी टेप लावून मापात बसवलं. फाइलला नवं नाव — टेबल आहे.

मंगळवार, १२ मार्च

चार वाजता पाहिलं. ई ड्राइव्ह वापरात नाही. वापरणारी खिडकीपाशी उभी राहून म्हणत होती, "अहो, हे तिरकं लागलंय." मला, सर्व्हेअरला!