हाल्दोरच्या मापाचे टाके

हुसाविक, आइसलँड
२५ एप्रिल

प्रिय थोराताई,

मी बरी आहे, काळजी करू नकोस. काल कॅलेंडरात उन्हाळ्याचा पहिला दिवस होता आणि दारात गुडघाभर बर्फ.

बेकरीतली गुद्रून म्हणाली, "अगं, किती बारीक झालीस! डाएट वाटतं?" मी हो म्हटलं. एकटीसाठी मासे उकडवत नाहीत, हे तिला कशाला सांगू?

हाल्दोर गेल्यापासून, लग्नानंतर पहिल्यांदाच, मी विणताना वाचून दाखवायला कुणी नाही. त्याचं पुस्तक खुणेच्या पानावरच आहे. या वेळी स्वतःसाठी स्वेटर विणायला घेतला होता, पण हातांनी सवयीनं त्याच्याच मापाचे टाके घातले. छातीपर्यंत आल्यावर कळलं. उसवायचा धीर होत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत?

आता बाह्या राहिल्यात. त्या कुणाच्या मापाच्या घालू, तेवढं कळव.

तुझीच,
स्टेनुन