प्रभूच्या मेजावरचे दोन पाव

मी, खाली सही करणारी, पावाच्या भट्टीची मालकीण, दोन मुलगे आणि एका मुलीची आई, हे मृत्युपत्र माझ्या खोलीत, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने लिहून ठेवते. हृदय थकलं आहे असं डॉक्टर म्हणतात. डोकं थकलेलं नाही, आणि जीभ त्यांनी तपासली नाही. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. तो आणायला दोन्ही मुलांना एका खोलीत यावं लागलं असतं, आणि ते वर्षानुवर्षं घडलेलं नाही.

कलम १. माझा जवळचा चष्मा आमच्या चर्चच्या पाळकांना द्यावा. बंधुप्रीतीवर ते फार गोड बोलतात, पण छताच्या पंख्याकडे बघून. उजव्या बाकावर माझा थोरला आणि डाव्या बाकावर धाकटा तोंड फिरवून बसलेले असतात, ते त्यांना आजवर दिसलेलं नाही. बहुधा नजरेचाच दोष असावा.

कलम २. भट्टीवरचं घंटी वाजणारं घड्याळ बुधवारच्या प्रार्थनासभेला द्यावं. पाव भाजून होतो तेवढ्या वेळात माणसाचं देवाशी बोलून व्हायला हवं. त्यापुढे जे चालतं ते शेजारच्यांना ऐकवण्यासाठी असतं. हे मी खात्रीने लिहिते, कारण माझ्या घराचं वाटोळं त्याच सभेत झालं.

ते असं झालं. माझे यजमान वारल्यावर धाकटा भट्टीवर चोरून प्यायला लागला. एकदा पीठ मळताना त्याने आपणहून थोरल्याला सांगितलं, "दादा, मी सोडायचं बघतोय. कोणाला बोलू नकोस." थोरला कोणाला बोलला नाही. तो थेट प्रभूला बोलला, उभा राहून, डोळे मिटून, खड्या आवाजात: "हे दयाळू पित्या, माझा भाऊ दारूच्या पाशात सापडलाय, त्याला सोडव!" सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात पावापेक्षा चौकशा जास्त झाल्या. पुढच्या बुधवारी धाकटा उभा राहिला आणि भावाच्या ढोंगीपणासाठी त्याने प्रार्थना केली. तिलाही आमेन मिळालं. आमची मंडळी कशालाही आमेन म्हणते.

तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. एकमेकांबद्दल जे काही असेल ते वर कळवतात. धाकट्याची दारू मात्र सुटली. त्याबद्दल आभार मानायला अजून कोणी उभं राहिलेलं नाही.

कलम ३. माझी काळी छत्री थोरल्या सुनेला. "सासूबाईंना प्रार्थनेची फार गरज आहे," एवढंच सांगून ती सभेत नेहमी खाली बसायची. कशासाठी गरज आहे ते ती सांगत नसे, त्यामुळे लोक आपापल्या परीने भर घालत. पुढे तिच्यावरही अशी प्रार्थना बरसली तर छत्री कामी येईल.

कलम ४. आता पावाचं. प्रभुभोजनाचा पाव पहिल्यापासून आमच्या भट्टीतून जातो. एकच पाव, सगळ्यांसाठी मोडलेला; आपण एक आहोत असा त्याचा अर्थ. थोरल्याने भाजलेल्या पावाला हात लावणार नाही म्हणून धाकटा आपला वेगळा घेऊन गेला. कोणी दुखावू नये म्हणून पाळकांनी दोन्ही मेजावर मांडले. मग मंडळी बघून बघून तुकडा उचलू लागली. ज्याने सगळ्यांसाठी एकच जीव दिला, त्याच्या मेजावर माझ्या पोटच्या पोरांनी दोन दुकानं थाटली! मला याची लाज वाटते. मी त्या दिवसापासून प्रभुभोजन घेतलेलं नाही. मरण्याआधी मला एका पावाचा तुकडा हवा आहे, आणि तोच कोणाकडे नाही.

कलम ५. घर, दुकान आणि भट्टी दोन्ही मुलांना सारखी. एकाचा वाटा रद्द झाला तर तो दुसऱ्याला जावा. दोघांचेही रद्द झाले तर सगळं माझ्या लेकीला. ती रुग्णालयात परिचारिका आहे, माझं सगळं करते, आणि प्रार्थना मनात करते.

कलम ६. साक्षीदार. वकीलबाईंनी बजावलं आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा जातो. म्हणून शेजारचे घड्याळवाले आणि शाळेच्या बाई खाली दुकानात बसवून ठेवल्या आहेत. पण त्यांच्याआधी मी दोन्ही मुलांना वर बोलावलं. पुढे जे झालं ते झालं तसं लिहिते आहे.

वरची सगळी कलमं त्यांना वाचून दाखवली आणि म्हटलं, "ज्याला भावासाठी खरंच काही सोडायचं असेल त्याने इथे सही करावी. नाहीतर खालच्यांना हाक मारते. आधी भावाशी समेट कर, मग माझ्याकडे ये, असं प्रभू सांगून गेलाय. तुम्ही दोघं त्याच्याच कानाशी ओरडत बसलात."

थोरल्याने लगेच डोळे मिटले. "हे पित्या..."

"त्याला राहू दे," मी म्हटलं. "डोळे उघड. भाऊ समोर उभा आहे."

डोळे उघडायला त्याने फार वेळ लावला. मग धाकट्याकडे बघून म्हणाला, "तू मला विश्वासाने सांगितलं होतंस. मी ते चारचौघांत नेलं. तुझी काळजी होती रे, पण माझी वाहवा व्हावी असंही वाटलं होतं. चुकलं माझं." आणि त्याने सही केली.

धाकटा तडकला. "म्हणजे आता तू मोठ्या मनाचा, आणि मी तुझ्या उपकारावर जगू? दे ते पेन!" आणि त्यानेही सही ठोकली. सही झाल्यावर तो भिंतीकडे वळून रडला. थोरल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो त्याने झटकला नाही.

अशा रीतीने दोघांनी मिळून आपला बापजाद्यांचा धंदा अर्ध्या तासात घालवला. समेटातही त्यांना चढाओढ केल्याशिवाय राहवलं नाही. दोघेही शुद्ध गाढव आहेत. लेक दारात उभी राहून हसत होती. "भट्टी तुम्हीच चालवा," ती म्हणाली, "पण रविवारचा पाव एकच निघेल." दोघांनी मान डोलावली. आता पीठ कोणी मळायचं यावर जिन्यात वाद चालला आहे, आणि तो एकमेकांशी चालला आहे.

तरी कलम १ ते ३ मागे घेत नाही. चष्मा, घड्याळ आणि छत्री द्यायचीच.

ठिकाण: भट्टीच्या वरची खोली. दिनांक: उपासनेआधीचा शनिवार.

सही: आई

साक्षीदार: थोरला मुलगा
साक्षीदार: धाकटा मुलगा

दोघांनी माझ्यासमोर, आणि एकमेकांसमोर, डोळे उघडे ठेवून सह्या केल्या आहेत.