आबा, तुम्ही प्यायलेले नव्हतात

वाई

तीर्थरूप आबांस,
हौसाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही जाऊन चार वर्षं झाली, आणि तुमच्या लेकीला आज पत्र लिहायची बुद्धी होते आहे! रागावू नका. मागच्या महिन्यात मिरजेच्या एका डॉक्टरांनी मला तुमचाच आजार असल्याचं सांगितलं. त्याला नाव आहे, औषध आहे. मग तुम्हाला कळवायला नको का?

झालं असं. शाळेत तपासनीस आले होते. मी फळ्यावर गणित मांडत होते, आणि उभ्या उभ्या झोपले. हात मात्र चालूच! जागी झाले तेव्हा गणिताखाली नुसत्या गिरबटलेल्या रेघा होत्या आणि मुली तोंडावर हात धरून खुसखुसत होत्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हौसाबाई, महिनाभरात डॉक्टरांचा दाखला आणा. नाहीतर नोकरीचं कठीण आहे." मी रडत बसले नाही. वाठारला जाऊन मिरजेची गाडी धरली.

डॉक्टर लढाईवरून परतलेले. पहाऱ्यावर झोपला म्हणून शिक्षेला उभा केलेला एक शिपाई त्यांनी हाच आजार ओळखून सोडवला होता. माझी नाडी, छाती पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हसताना गुडघे जातात का?" हे यांना कुणी सांगितलं? मग मला उभं करून ते गंभीर चेहऱ्याने सांगू लागले, की एका म्हातारीला छातीवर बांधायला अळशीचं पोटीस दिलं, तर आठ दिवसांनी येऊन म्हणते, "भाकरीसंगं लय ग्वाड लागलं बगा, पर तिखट जरा कमी हुतं." आबा, मी हसले आणि मटकन खाली! डॉक्टरांनी टाळीच वाजवली. माणूस पडल्यावर लोक धावून येतात, हे खूश झाले.

पुढचा प्रश्न आला, "घरात आणखी कुणाला असं व्हायचं?" तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

पंचक्रोशीतल्या गुऱ्हाळांत गूळ रांधणारे नावाजलेले गुळव्या तुम्ही! पाकाकडे नुसतं बघून तुम्ही "उतरवा" म्हणालात की गुळाची काहील चुलवाणावरून उतरायची. आणि तुम्हीच चुलवाणाशेजारी बसल्या बसल्या पेंगायचात, कुणी चेष्टा केली की हसता हसता ढासळायचात. लोक म्हणाले, गुळव्या पितो. तोंडाला वास येईना, तर म्हणाले, वेलदोडा खातो! शेवटी पंचांनी तुम्हाला खंडोबाच्या देवळात नेलं. "भंडारा उचल. पुन्हा दारूला शिवणार न्हाई म्हन." तुम्ही म्हणालात, "आवं, कवा शिवलोच न्हाई, तर सोडू काय?" तरी भंडारा उचललात. चौथ्या दिवशी गुऱ्हाळात कुणीतरी काही गमतीचं बोललं, आणि तुम्ही पुन्हा खाली. झालं! दारू एक वेळ लोकांनी पोटात घातली असती. पण भंडारा उचलून शपथ मोडलेला माणूस काहिलीपाशी कुणाला चालेना.

आई त्या दिवसापासून तुमच्याशी अवाक्षर बोलली नाही. आणि मी? मी तुमच्या कोटाचे खिसे हुंगले होते, आबा. तुम्ही दारातून पाहिलंत आणि निमूट निघून गेलात. एक थोबाडीत का नाही दिलीत?

डॉक्टर म्हणाले, मेंदूत खोल एक जागा आपलं जागेपण सांभाळते, तिथे काहीतरी बिघडतं. नेमकं काय, ते अजून कळलेलं नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. हा आजार कधी कधी एकाच घरातल्या दोघांना होतो म्हणे. हसू किंवा राग अनावर झाला की अंगातलं बळ क्षणभर जातं, शुद्ध मात्र राहते. म्हणजे तुम्ही जमिनीवर पडून सगळं ऐकत होतात! कोण काय बोललं, कुणी पायाने ढोसलं, सगळं!

आजार मुळापासून जात नाही, पण आवरता येतो. सकाळी आणि दुपारी इफेड्रिनची गोळी. संध्याकाळी घ्यायची नाही, नाहीतर रात्रीची झोप जाते. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं झोपायचं, तेही औषध समजून. गोळीने छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. पण आता मी सगळे तास जागेपणी घेते. दाखला दिला, नोकरी शाबूत आहे. पडण्यावर मात्र गोळीचा फारसा इलाज चालत नाही.

गेल्या रविवारी गावी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग त्येंनी सांगायचं न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं की गं, आई."

तिचे हात परातीतच राहिले. तव्यावरची भाकरी करपली तरी उठली नाही. म्हणाली, "लय वंगाळ केलं गं म्या." तिला क्षमा करा, आबा. आणि जमलं तर मलाही.

आणखी एक. मी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाल्याचं सांगायला धावत आले, तेव्हा तुम्ही सोप्यातला खांब दोन्ही हातांनी धरलात आणि तोंड भिंतीकडे फिरवलंत. शाब्बास म्हणाला नाहीत. किती वर्षं मी ते मनात धरून होते! परवा गोळ्यांसाठी पुन्हा मिरजेला गेले, तेव्हा डॉक्टर सहज बोलून गेले, की हे रोगी हळूहळू हसायचंच सोडून देतात, आनंदाची बातमी आली तर आधी आधार शोधतात. आबा, एवढा आनंद झाला होता तुम्हाला?

मी खांब धरणार नाही, हा माझा शब्द. कुणी विचारलं तर सांगेन, हा आजार आहे, माझ्या वडिलांनाही होता, आणि ते कधीच प्यायले नव्हते. पोरींना वर्गात सांगूनच ठेवलंय, बाई हसता हसता पडल्या तर घाबरायचं नाही. बाईंना आनंद झालाय, असं समजायचं.

तुमची लेक,
हौसा