मालक बसला की बंद पडणारी गाडी

दि. ४ एप्रिल

चि. भोपळ्यास अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. मजकुराकडे वळण्यापूर्वी एक गंभीर तक्रार नोंदवतो. मायन्यात तू मला नुसता 'नमस्कार' घातला आहेस. आजवर साष्टांग घालत आलास. म्हणजे डोके, छाती, डोळे, हात, पाय, गुडघे, वाणी आणि मन अशी आठ अंगे मला दर पत्रातून पोचत होती. या खेपेला त्यांतली कोणती मागे ठेवलीस आणि कोणाच्या परवानगीने, याचा खुलासा उलट टपाली व्हावा. थोरल्या भावाच्या मानात अशी परस्पर कपात चालत नाही.

आता तुझा प्रश्न. बसून चालवायची ती गवत कापायची गाडी तुला विकायची आहे, आणि न्याय्य किंमत काय ते मी सांगायचे. योग्य माणसाला विचारलेस. वडील आपल्या दोघांनाही संस्कृत शिकवायला बसले. मी रूपे पाठ केली, तू खिडकीतून गवत बघत बसलास. पुढे मी विमा कंपनीत मोडक्या गाड्यांची किंमत ठरवू लागलो आणि तू गवत कापू लागलास. म्हणजे तुझेच शिक्षण कामी आले म्हणायचे.

तर ऐक. नव्या गाडीची आजची किंमत धर. दुकानाच्या दारातून बाहेर पडताच तिचा पाचवा हिस्सा हवेत विरतो. पुढे वर्षे मोजायची नाहीत, मीटरवरचे तास मोजायचे. माणूस किती वर्षांचा आहे याला अर्थ नसतो, किती झिजला याला असतो. मग पाती, पट्टा, टायर, पात्यांवरच्या पत्र्याचा गंज. गाडी धुऊन ठेव, पण रंगवू नकोस. म्हातारीने पावडर थापली की लोक सुरकुत्या शोधू लागतात. मला सविस्तर कळव. प्रेयसीचे वर्णन नको, पंचनामा हवा.

तुझी वहिनी बरी आहे आणि तू फार दिवसांत आला नाहीस म्हणते. मी तिला म्हटले की त्याला उचलून आणायला क्रेन लागेल.

कळावे. लोभ आहेच, त्याला घसारा लागू नये इतकेच.

तुझा, दादा


दि. १३ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

आठही अंगं पाठवली आहेत, मोजून घे.

पंचनामा असा. गाडी आठ वर्षांची. शाळेचं मैदान, दवाखान्यासमोरची हिरवळ आणि दोन बंगल्यांच्या बागा, एवढंच तिनं आयुष्यात पाहिलं. तास वयाच्या मानानं कमी आहेत. पाती दर मोसमात धार लावलेली, पट्टा मागच्याच वर्षी नवा घातला. पत्र्याला कडेनं गंज आहे. पुढच्या डाव्या टायरला एक पंक्चर. रात्री कायम शेडमध्ये, वर ताडपत्री. गाडीइतकी काळजी माझी कधी घेतली नाहीत, असं बायको म्हणते.

एक दोष आहे आणि तो लपवणार नाही. दोन महिने झाले, चालता चालता इंजिन मध्येच बंद पडतं. चाक खड्ड्यात गेलं किंवा मी उतारावर जरा कललो की गप्प. परत किल्ली फिरवली की निमूट चालू. मिस्त्रीला दाखवीन म्हणतो.

मला नव्याच्या निम्मी किंमत आली तर पुरे. हिला दुकान टाकायचंय. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोकांचे कपडे उसवत आणि शिवत बसली आहे. चौकात एक गाळा रिकामा झालाय, एकच दार आहे पण उजेड चांगला. गाळेवाला मे महिन्याच्या मध्यापर्यंत थांबतो म्हणालाय. त्याची अनामत बरोबर तेवढीच आहे. मी दुसरी गाडी घेणार नाही. बसून बसून कंटाळा आलाय.

वहिनींना नमस्कार. लोभ असावा, घासाघीस नसली तरी चालेल.

तुझा, भोपळ्या


दि. २० एप्रिल

चि. भोपळ्यास अ. उ. आ.

अंगे मोजली, आठ भरली. धन्यवाद.

पंचनामा उत्तम, निष्कर्ष भिकार. निम्मी हा आकडा तू गाडीकडे बघून काढलेला नाहीस, गाळ्याकडे बघून काढला आहेस. गरजेवरून किंमत ठरती तर भिकाऱ्याचा कटोरा सोन्याच्या भावाने गेला असता. माझ्या टेबलासमोर रोज कोणी तरी बसलेला असतो. त्याची मोटार चेपलेली असते, आणि तो मुलीच्या लग्नाबद्दल बोलत असतो. मी ऐकतो आणि चेपलेल्या दरवाजाची किंमत लिहितो.

त्यात तुझ्या गाडीला चालता चालता मूर्च्छा येते. हा दोष तू होऊन सांगितलास, हे वडिलांच्या संस्कारांना शोभले, धंद्याला नाही. मूर्च्छेसह नव्याचा तिसरा हिस्सा. त्याहून वर एक कवडी मी कोणाला द्यायला सांगणार नाही.

गिऱ्हाईक मात्र काढले आहे. आमचे श्यालक, म्हणजे तुझ्या वहिनीचे बंधुराज. त्यांनी हमरस्त्यावर हॉटेल काढले आहे आणि पुढे एवढी मोठी हिरवळ केली आहे. देह असा की ते येणार म्हटले की आम्ही आधी खुर्च्या तपासतो. माणूस घासाघिशीत पट्टीचा आहे, पण मी मध्ये आहे, तू निर्धास्त राहा. मिस्त्रीला दाखव, त्याची मजुरी अर्थात विकणाऱ्याकडे.

तुझ्या सौभाग्यवतीस सांग, दुकानाचे स्वप्न तिसऱ्या हिश्शाच्या मापाने थोडे आत घे. शिवणकाम येतेच तिला.

लोभ आहे तेवढा पुरवून वापर.

दादा


दि. २ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

मिस्त्री येऊन गेला. गंमतच झाली. तो स्वतः बसला आणि शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून आला. एकदाही बंद पडली नाही. मग मला बसवलं. कुंपणाशी उंचवटा आहे तिथं पोचलो आणि गप्प. परत तो बसला, ठणठणीत. परत मी, गप्प. मग त्यानं मला वजन किती भरतं म्हणून विचारलं.

सीटखाली एक बटण असतं, दादा. चालवणारा खाली पडला तर पाती जागच्या जागी थांबावीत म्हणून ते ठेवलेलं. वर पुरेसं ओझं नसलं की गाडीला वाटतं सीटवर कोणीच नाही. धक्का बसून मी जरासा उचलला गेलो की ती मला जमेतच धरत नाही. म्हणजे दोष गाडीत नाही, माझ्यात आहे. तो मी गाडीबरोबर देणार नाही, घेणाऱ्यानं निश्चिंत असावं.

थोडा उतरलोय गेल्या काही महिन्यांत. जेवण जात नाही. बघू.

बटणाच्या तारा जोडून देतो, मग कधीच बंद पडणार नाही, असं मिस्त्री म्हणाला. मी नको म्हटलं. मैदानात पोरं पळत असतात, मी पडलो तर गाडी तशीच पुढे जायची. म्हणून सध्या मांडीवर वाळूची पिशवी घेऊन बसतो. झकास चालते. शाळेतली पोरं म्हणतात काकांना बाळ झालं.

तेव्हा आता निम्मी न्याय्य ठरते का? तू म्हणशील ते मला मान्य आहे. तू मुद्दाम कमी सांगणार नाहीस हे ठाऊक आहे.

लोभ असावा ही विनंती.

भोपळ्या


दि. ९ मे

चि. भोपळ्यास अ. उ. आ.

तुझे पत्र मी जेवताना सर्वांना वाचून दाखवले. घरात इतकी करमणूक बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. वाळूच्या बाळाशी आलो तेव्हा श्यालकांना ठसका लागला आणि पाठीत गुद्दे घालावे लागले. त्यांनी ते पत्र मागून घेतले. हॉटेलात गल्ल्यावर बसून पुन्हा वाचणार आहेत.

विमा कंपनीत तीस वर्षे सबबी ऐकतो आहे. झाड आडवे आले, म्हैस आडवी आली, रस्ताच वळला. पण गाडी उत्तम आहे, मालकच हलका आहे, ही सबब अपूर्व. नाचता येईना अंगण वाकडे असे आजवर ऐकले होते. अंगण सरळ आहे, मीच वाकडा, असे म्हणून जास्त पैसे मागणारा पहिला तू. आणि हे म्हणणार कोण, तर भोपळ्या! बागेतल्या झोक्याची दोरी कोणाखाली तुटली होती? वडिलांनी तुझे नाव काय उगाच ठेवले? थोडी चरबी झडली असेल तर आनंद आहे. आमच्या इथे लोक त्यासाठी पैसे भरून व्यायामशाळेत जातात, तुझे फुकटात झाले. ती बचत किमतीतून वजा करत नाही, हे माझे उपकार समज.

तिसरा हिस्सा कायम. दोष सीटच्या खाली असो की वर, गाडी थांबते हे तू दोनदा लेखी दिले आहेस. श्यालक रविवारी टेम्पो घेऊन येतील. वाळूची पिशवी गाडीबरोबर द्यावी, ती आता सुटा भाग आहे.

वहिनी विचारते आहे की तू खरेच इतका उतरला आहेस का. मी तिला म्हटले, सौदा होईपर्यंत.

लोभ राखून आहे.

दादा


दि. १७ मे

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलं तर बघून घ्या.

रविवारी वहिनींचे भाऊ आले. बरोबर दोन हमाल होते. यांचं पत्र खिशात होतं. आधी ते स्वतः गाडीवर बसले आणि अंगणात तीन फेऱ्या मारल्या, एक माझ्या फुलझाडांवरून. गाडी कुठंच थांबली नाही. उतरून म्हणाले की गाडी छान आहे, पण बंद पडते असं मालकानंच लिहून दिलंय, तर ते एकदा डोळ्यांनी बघू. यांना बसायला सांगितलं, पिशवी न घेता. हे बसले. फाटकाशी बंद पडली. ते हसले आणि पुन्हा बसा म्हणाले. पुन्हा बंद पडली. हमालही हसायला लागले. हेही हसले.

तिसऱ्यांदा यांना वर चढता येईना. तेव्हा एका हमालानं काखेत हात घालून लहान पोराला ठेवावं तसं यांना उचलून सीटवर ठेवलं, आणि दुसऱ्याला म्हणाला की यांच्यापेक्षा हिची बॅटरी जड असेल. मी दारात उभी होते.

शेवटी तिसरा हिस्सासुद्धा दिला नाही. तीनदा बंद पडली म्हणून पाव हिस्सा ठेवला आणि तुमच्याशी बोलणं झालंय म्हणाले. यांनी पैसे न मोजताच घेतले आणि त्यांना चहा करायला मला सांगितलं. मी केला. गाळा परवा एका किल्ल्या करणाऱ्यानं घेतला.

तुम्हाला जे कळवायचं नाही असं ठरलं होतं ते आता कळवते. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं की उशीर झालाय, आता काही करण्यासारखं नाही. गाडी म्हणूनच विकायची होती, कंटाळा वगैरे काही नाही. मी दहादा म्हटलं दादांना लिहा. तर म्हणाले की कळलं की तो चेष्टा बंद करील. तुमचं पत्र आलं की ते उशाशी ठेवून जेवतात, दोन घास जास्त जातात. ९ तारखेचंही तसंच घेऊन बसले. वाचताना हसले. जेवले नाहीत.

आता खिडकीशी पलंग घेतलाय. गुरुवारपासून उठत नाहीत. बोलणं कमी आहे. एकच गोष्ट दोन-तीनदा विचारतात, की दादानं सांगितली ती किंमत बरोबर होती ना. मी काय सांगू ते कळवा.

वहिनींना नमस्कार. लोभाचं तुम्ही बघा.

तुमची भावजय


दि. २० मे

चि. सौ. भावजयीस अ. उ. आ.

पत्र आज मिळाले. तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो.

किंमत बरोबर नव्हती. बरोबर किंमत निम्मी होती. त्याचा पंचनामा आला त्याच दिवशी मी कागदावर आकडेमोड केली, तेव्हा मूर्च्छा वजा करूनही निम्मीच आली, वर थोडे उरलेच. तो कागद कार्यालयात माझ्या खणात आहे. त्याला तिसरा हिस्सा कळवला, कारण तो पुढे काय लिहितो ते बघायचे होते. मजा येते म्हणून. पाव हिश्शाबद्दल माझे कोणाशी बोलणे झाले नव्हते. पण पत्र खिशात घालून त्यांना मीच पाठवले, तेव्हा वेगळे बोलायची गरजही नव्हती. काल संध्याकाळी तुझी वहिनी आणि मी तिच्या भावाच्या हॉटेलावर होतो. गाडी त्यांच्याखाली सुरेख चालते. ते सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवत होते. मीही टाळ्या वाजवल्या. आज पत्र वाचून फोन केला, तर म्हणाले सौदा तो सौदा, आणि हे वाक्य मी त्यांना स्वतः शिकवलेले आहे.

निम्म्याला जेवढे कमी पडले तेवढे सोबत पाठवतो. गाळा गेला हे वाचले आहे. दुसरा बघ. त्याला मात्र सांगू नकोस. त्याने विचारले की किंमत बरोबर होती म्हणून सांग. दादाने कमी सांगितले हे त्याला कळू नये. एवढे खोटे माझ्यासाठी बोल.

दुसरा कागद वेगळा घडी करून ठेवला आहे, तो त्याला वाचून दाखव. त्यात नेहमीसारखी चेष्टा आहे. नमस्काराची अंगे, वाळूचे बाळ, सगळे. ते वाचल्यावर काही खातो का बघ. त्याच्या मायन्यात 'चि.' लिहिले आणि थांबलो. पन्नास वर्षे ते अक्षर मी त्याच्या नावाआधी लिहितो आहे, ते चिरंजीवाचे आहे हे कधी डोक्यात आले नव्हते. तसेच ठेवले आहे. खोडले तर त्याला कळेल.

मी शनिवारी पोचतो. कार्यालयातून सुटी मिळत नाही असे त्याला सांग.

दादा

ता. क. सुटी मागितलेली नाही. उद्या सकाळीही निघता आलं असतं. मला त्याला बघायची भीती वाटते. शनिवारच्या आत तो गेला तर मला सुटल्यासारखं वाटेल, याची त्याहून जास्त वाटते.