पट्टा कोणी सरकवायचा

अकोला, आश्विन शु. ११
गेल्या हंगामात सखूबाईची दोन बोटे रेच्यात, सरकी काढायच्या यंत्रात, गेली, म्हणून शेठजींनी आपल्या कापसाच्या जिनातील बायांचा वर्ग माझ्याकडे सोपवला. मुंबईच्या तंत्रशाळेत शिकलेला दुसरा माणूस त्यांच्याकडे नाही. आकृत्या स्वतः काढल्या, रेषा निर्दोष. नियम एकच: रुई अडकली की आधी दांड्याने इंजिनाचा पट्टा सरकवून रेचा बंद करावा, मग हात घालावा. बाया भिंतीला टेकून ऐकतात, मध्येच हसतात. शिस्त नाही.

आश्विन शु. १४
परीक्षा. बंद रेच्यावर प्रत्येकीने पट्टा अचूक सरकवला. सखूबाईची भाची काशी सर्वांत चपळ. यंदा मावशीच्याच रेच्यावर बसणार. वर्ग पूर्ण. समाधान.

आश्विन व. ३
आज इंजिन सुरू करून जुन्या कापसावर रेचे तपासले. काशीच्या रेच्यात गुंता झाला. तिने दांड्याकडे पाहिलेही नाही, सरळ बोटे घातली! मीच धावून पट्टा सरकवला. हात वाचला. संतापून विचारले, एवढेही लक्षात राहत नाही? तिच्याऐवजी सखूबाईच म्हणाली, "तिले समदं येते, मास्तर. रेचा थांबला का मुकादम फाटकावरची दुसरी बाई आणून बसवते. मंग हे जाते घरी. मले काय पट्टा सरकवता येत नोहता?"
माझ्या एकाही आकृतीत मुकादम नाही.

आश्विन व. ४
वर्गाची जुनी मांडणी मोडली. नवा पहिला विद्यार्थी: किसन मुकादम. धडा: रेचा थांबला की गुंता निघेपर्यंत जवळ उभे राहावे, त्याच बाईला पुन्हा बसवावे. भडकला. "मले शिकवता? माये केस इथंच पिकले!" सखूबाई: "बसा न मुकादम, पाटी आणू का?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बसला. उठताना जे बोलला ते मात्र खोटे नव्हे: "रुई कमी निघाली तं शेठ मले काढीन. तुमाले नाही."

अमरावती, आश्विन व. ९
शेठजींकडे गेलो. मागणी: रेचा थांबवणाऱ्या बाईला काढू नये, मुकादमालाही बोल लावू नये, आणि तसे फाटकावर लिहून लावावे. पानदान पुढे सरकवत म्हणाले, "तुम्हाला शिकवायला सांगितलं मास्तर, जिन चालवायला नाही." मग, "पाहू. निरोप धाडतो."
विडा घेतला नाही. उद्धटपणा झाला असेल. असो.

अकोला, कार्तिक शु. ६
हंगाम सुरू. निरोप नाही. फाटकाबाहेर कामाच्या आशेने बाया ताटकळत उभ्या.
सकाळीच काशीच्या रेच्यात गुंता झाला. तिचा हात दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला. ती मुकादमाकडे पाहत होती, मुकादम माझ्याकडे. त्या गडगडाटात बोलणे व्यर्थ. मी मान हलवली. कोणत्या अधिकाराने, ठाऊक नाही. मुकादमाने काशीकडे पाहून तशीच मान हलवली. पट्टा सरकला. मुकादम जवळ उभा राहिला. गुंता निघाला, काशी पुन्हा बसली. सगळ्या रेच्यांवरच्या बाया वळून पाहत होत्या. या धड्याची आकृती काढता येणार नाही.
संध्याकाळी कळले, शेठजी उद्या स्वतः येत आहेत. मुकादमाने विचारले, "मंग उद्या कसं करू, मास्तर?"
"आजच्यासारखंच."
या वेळी त्याने मान हलवली नाही.