तिसऱ्या अंकातली दासी

गुरुवार, चौदा तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला, कुरकुर तेवढी राहिली.

तू राणी व्हायचीस ते नाटक पुन्हा उभं राहिलंय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. मी पाहून आले. एकदा नव्हे, दोनदा. "एवढं काय सोनं लागलंय त्याला?" असं म्हणशील. सांगते.

नावाडी झालेला मुलगा देखणा, गळाही गोड. पण वल्हं असं धरतो, जणू केर काढतोय! राजाचं काम करणारे गृहस्थ संवाद दणदणीत म्हणतात, गाणं आलं की मात्र ऑर्गनवाल्याच्या मागे धापा टाकत धावतात. राणी सुराला पक्की, ताना सरसर. पण राजा तिला टाकून जातो, तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तू तिथे नुसती पाठ फिरवायचीस, आणि शेवटच्या रांगेपर्यंत लोक नाकं पुसायचे.

राहता राहिली दासी. तिला एकच गाणं, तिसऱ्या अंकात, महालातले दिवे विझवताना. पहिल्या खेपेला मी पर्समध्ये रुमाल शोधत होते, तो हात तिथेच थांबला. चेहरा रंगाने लिंपलेला, पदर कपाळापर्यंत. पण ओळीच्या मधेच, शब्द अर्धा सोडून, तिने श्वास घेतला. ह्याच खोडीवरून मास्तर तुला किती रागवायचे! मनाला म्हटलं, आपले कान म्हातारे झाले. पण चैन पडेना. म्हणून दुसऱ्यांदा गेले आणि अगदी पुढची खुर्ची धरली.

ताई, ती चिमणी आहे. तुझी लेक.

पत्र फाडू नकोस. "तोंडाला रंग लावलास तर हे दार तुला बंद," असं तू तिला म्हणालीस, तेव्हा मी तिथेच होते. ऑपरेशनमध्ये तुझा गळा गेला आणि एकही नाटकवाला पुन्हा फिरकला नाही. ते पोरीच्या वाट्याला येऊ नये म्हणून बोललीस, हे मला कळतं. तिला कळलं नाही.

पडदा पडल्यावर मी आत गेले. ती रंग पुसत होती. आरशात मला पाहिलं आणि बोळा हातातच राहिला.

"मावशी, आईला सांगू नकोस."

"का गं? अजून भितेस तिला?"

"भीत नाही. आई स्वयंपाकघरात सगळ्या नाटकाची गाणी म्हणायची ना, ती ऐकून ऐकूनच शिकले. आता बरोबर गातेय का, हे विचारायला दुसरं कोणी नाही. आणि तिला विचारायची सोय नाही."

मी "छान गातेस" म्हटलं. खरं सांगू? वरच्या सुरावर ती बिचकते, चटका बसल्यासारखी तो सोडून देते. मला चूक कळते, दुरुस्त कशी करायची ते कळत नाही. ते तुझं काम.

तुला सांगणार नाही, असं वचन मी तिला दिलेलं नाही. रविवारी दुपारी प्रयोग आहे. तुझा आवाज कुजबुजण्यापुरताच उरलाय, ठाऊक आहे मला. रंगपटाची खोली लहान आहे, ताई. तेवढा पुरेल.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी, आणि चिमणीची मावशी